पेन्शन रोखणारा नियम कागदावरच नको

लाच खाऊन निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याला जनतेच्या पैशातून जन्मभर पेन्शन का द्यायची? आमच्या पेडणे-डिचोलीतील करदात्याचा हा रास्त प्रश्न आहे. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. गोव्यात जुन्या पेन्शन योजनेतील कर्मचाऱ्यांना लागू असलेल्या केंद्रीय निवृत्तिवेतन नियमांनुसार, दोषी ठरलेल्याची पेन्शन काही अंशी किंवा पूर्णपणे, कायमची रोखता येते.

घोडे अडते ते मुदतीपाशी. निवृत्तीनंतर खातेनिहाय चौकशी सुरू करायची, तर घटना चार वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. बेकायदा खाणींवरचा शहा आयोगाचा अहवाल २०१२ साली आला, तोवर डिचोलीतील डोंगर वर्षानुवर्षे पोखरले गेले होते. मोपा विमानतळामुळे पेडण्यातील जमिनींना सोन्याचा भाव आला. तिथले गैरव्यवहार असेच उशिरा उजेडात आले तर? फौजदारी खटला भरता येतो, पण निकालापर्यंत तात्पुरती पेन्शन चालूच राहते.

पेन्शन ही मेहेरबानी नसून मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये झारखंडच्या प्रकरणात सांगितले. म्हणून नुसत्या आरोपावरून ती रोखा, असे आम्ही म्हणत नाही. आमची मागणी एवढीच: भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीनुसार खटल्याच्या मंजुरीचा निर्णय तीन, फार तर चार महिन्यांत व्हावा. चौकशी निवृत्तीपूर्वीच सुरू व्हावी. आणि किती दोषींची पेन्शन रोखली, हा आकडा सरकारने दरवर्षी विधानसभेत मांडावा. तो विचारण्याचे काम आमच्या दोन्ही तालुक्यांतील आमदारांनी आधी करावे.