बरोबरीत सुटलेला डाव

मूल बुद्धिबळाची स्पर्धा खेळून घरी परतले की आपण दाराशीच विचारतो, ‘जिंकलास की हरलास?’ ‘बरोबरी’ असे उत्तर आले की आपली उत्सुकता तिथेच मावळते. डॉक्टरांच्या घरांत, जिथे गुणांची मोजदाद अंमळ अधिकच कडक असते, हे वारंवार घडते. ही सवय मुलांवर अन्याय करणारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषकाची अंतिम लढत झाली. एका बाजूला नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख. तिचे आई-वडील दोघेही आपल्याच व्यवसायातले. समोर कोनेरू हंपी, जी २००२ साली ग्रँडमास्टर झाली तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. पहिल्या डावात पांढरी मोहरी घेऊन खेळताना दिव्याला लवकरच उत्तम संधी लाभली. ती निसटली आणि ४१ चालींनंतर डाव बरोबरीत सुटला. हातातोंडाशी आलेला घास गेल्यावर त्या मुलीची रात्र कशी गेली असेल? दुसऱ्या दिवशी काळी मोहरी घेऊन, त्याच अनुभवी प्रतिस्पर्ध्यासमोर, तिने पुन्हा अर्धा गुण राखला. गुणतक्त्यात दोन्ही अर्धे सारखेच दिसतात; पण एक गमावलेल्या विजयातून उरलेला, तर दुसरा मन विस्कटू न देता राखलेला.

सर्वच बरोबऱ्या आदरास पात्र नसतात, हेही खरे. दहा-बारा चाली रेटून हस्तांदोलन करणाऱ्यांविषयी मला ममत्व नाही. ठराविक चालींपूर्वी संमतीने बरोबरी करण्यास अनेक स्पर्धांत मज्जाव असतो, तो योग्यच आहे.

परंतु वीस वर्षे मधुमेह आटोक्यात ठेवून ज्याचे डोळे आणि मूत्रपिंडे आपण सांभाळली, तो रुग्ण ‘डॉक्टर, आजार काही बरा झाला नाही’ असे म्हणाला, तर आपल्याला कसे वाटते? तो डाव बरोबरीचाच असतो, आणि त्यामागचे श्रम आपल्याखेरीज कोणाला दिसत नाहीत.

बाटुमीत २८ जुलैला जलद डाव झाले. त्यांतला पहिलाही बरोबरीत सुटला. दुसरा दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला आणि ती विश्वचषकाबरोबरच ग्रँडमास्टर किताबाचीही मानकरी ठरली. तिच्या विजयावर भरभरून लिहिले गेले. आधीच्या तीन डावांविषयी आपल्यापैकी कितीजणांनी घरी मुलांशी चर्चा केली? पुढच्या वेळी मुलाला पटापाशी बसवून एवढेच विचारावे, ‘अडचण कुठल्या चालीला आली, आणि सावरलास कसा?’