आधी उतार, मग चढ : घाटातल्या धावण्याचे उलटे गणित

थंडी पडू लागली की बुलढाण्यात पहाटे साडेपाचला राजूर घाटाच्या दिशेने पावले वळतात. कोणी पोलीस भरतीची तयारी करणारा असतो, कोणाला डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितलेले असते, तर कोणी नवी गिअरची सायकल घेऊन निघालेला. पायी मजल मारण्याची रग या जिल्ह्याला नवी नाही. शेगावहून पंढरपूरला जाणारी पालखी दरवर्षी महिनाभर चालते. पण दिंडी चालते ती सगळ्यांना झेपेल अशा चालीने. स्पर्धेत तसे नसते.

हौशी डोंगरधाव आणि सायकल स्पर्धांचे माहेर आल्प्स पर्वत. स्वित्झर्लंडमधील सिएर-झिनाल ही ३१ किलोमीटरची धाव १९७४ पासून होते, तर फ्रान्समध्ये 'ला मार्मोत' ही सायकलस्वारी १९८२ पासून. माँ ब्लाँ पर्वताला फेरी घालणारी सुमारे १७० किलोमीटरची 'यूटीएमबी' २००३ मध्ये सुरू झाली. पहिल्या वर्षी सातशेच्या आसपास धावक निघाले आणि अखेरपर्यंत पोहोचले अवघे ६७. आपल्याकडे २०१२ मध्ये सुरू झालेल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनने घाटात धावण्याची आवड राज्यभर नेली. आता तालुक्याच्या गावातही टी-शर्ट, पदक आणि बिब क्रमांक दिसतो. चांगलेच आहे. फक्त बुलढाण्यासारख्या गावाची एक अडचण आहे.

आल्प्समध्ये काय किंवा साताऱ्यात यवतेश्वरला काय, धावक पायथ्याहून निघतो. म्हणजे ताज्या पायांनी चढतो आणि मग उतरतो. बुलढाणा मात्र अजिंठ्याच्या रांगेवर, सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर वसलेले आहे. मलकापूरकडचा मुलूख अडीचशे मीटरच्या आसपास. घरातून निघालेला माणूस आधी घाट उतरतो आणि दमल्यावर, ऊन वर येताना, चढायला लागतो.

उतार सोपा वाटतो, कारण छातीला तो खरोखर सोपा असतो. इटलीतील संशोधक मिनेट्टी यांनी २००२ मध्ये वेगवेगळ्या उतारांवर धावण्याला लागणारी ऊर्जा मोजली. वीस टक्के उतारावर ती सपाटीच्या जवळजवळ निम्मी भरली. आपल्या डांबरी घाटाचा उतार इतका तीव्र नसतो, पण कल तोच. धाप लागत नाही म्हणून वेग वाढतो. बिल फाटते ते मांड्यांच्या नावावर. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू आखडण्याऐवजी ताणला जात असतो आणि त्याच वेळी शरीराचे वजन रोखून धरत असतो, थोडक्यात ब्रेकचे काम करतो. या कामात स्नायूंचे सूक्ष्म तंतू तुटतात. त्याची ठणक लगेच येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना येते. माँ ब्लाँच्या शर्यतीतील २२ धावकांची तपासणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. शर्यतीनंतर त्यांच्या मांडीच्या स्नायूची ताकद ३५ टक्क्यांनी घटली होती आणि पूर्ववत व्हायला सुमारे दोन आठवडे लागले. ही सगळी मुरलेली माणसे होती.

स्नायू फार प्रमाणात तुटले तर त्यातील प्रथिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडात अडकते. लघवी चहासारखी गडद झाली तर विश्रांतीने बरे वाटेल म्हणून थांबू नये, थेट रुग्णालय गाठावे. अशा वेळी दुखणे दाबणारी गोळी घेण्याची सवय घातक ठरते. लांब पल्ल्याच्या शर्यतींमध्ये झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आयब्युप्रोफेन घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक धावकांच्या मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या खुणा दिसल्या. औषध नसलेली गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास होते. धावण्याआधी 'खबरदारी म्हणून' गोळी खाणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

शरीर शिकते मात्र लवकर. एकदा बेताने उतारावर धावले की पुढचे काही आठवडे तेच स्नायू त्याच उतारावर कमी दुखावतात. त्यामुळे सुरुवातीचे काही रविवार निम्माच घाट उतरून परत फिरणारा शहाणा. वाहनाने घाटाखाली जाऊन चढाईने सुरुवात करणे, हा आणखी सोपा उपाय.

परतीचा चढ हा हृदयाचा प्रश्न. चढावर वेग कमी, त्यामुळे अंगाला वारा लागत नाही, आणि शरीर उष्णता तयार करते ती सर्वाधिक. सायकलस्वाराला हा फरक फारच जाणवतो. उतरताना कुडकुडतो आणि चढताना घामाने निथळतो. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या १ कोटी ९ लाख जणांपैकी ५९ जणांचे हृदय शर्यतीत बंद पडले. प्रमाण अगदी अल्प आहे, घाबरून घरी बसण्यासारखे नाही. पण बहुतेक घटना शर्यतीच्या शेवटच्या चतुर्थांशात घडल्या, हे लक्षात ठेवण्यासारखे. आपल्या घाटात शेवटचा चतुर्थांश म्हणजे ऐन चढ. शिवाय दक्षिण आशियाई लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतरांना जवळपास ५९ व्या. मधुमेह, रक्तदाब किंवा घरात कमी वयात हृदयविकार असेल, त्याने नोंदणीआधी डॉक्टरांना भेटावे. चढताना छातीवर दाब आला, जबडा किंवा डावा हात भरून आला तर वेळेकडे न बघता तिथेच थांबावे.

तरुणांनाही सूट नाही. झारखंडमध्ये २०२४ च्या ऑगस्टमध्ये भरतीसाठी दहा किलोमीटर धावताना दहाहून अधिक उमेदवारांचा जीव गेला. महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलांना धावायचे असते १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर. या वेगाच्या परीक्षेसाठी रोज घाट तुडवण्याची गरज नाही, मैदान पुरते.

आयोजकांचे काय? आल्प्समधील मोठ्या शर्यतीत शिट्टी, पावसाळी जॅकेट, पाणी आणि विजेरी पाठीवर नसेल तर धावकावर कारवाई होते. ठरलेल्या वेळेत नाक्यावर न पोहोचणाऱ्याला तिथेच थांबवतात. आपल्याकडे रुग्णवाहिका बहुधा अंतिम रेषेशी, मंडपाला लागून उभी असते. चढाने संपणाऱ्या मार्गावर ती घाटाच्या मध्यावर हवी. हृदय बंद पडल्यावर विजेचा झटका मिळायला उशीर झालेले प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटवते, आणि तोवर छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब देणारा माणूस शेजारी लागतो. बुलढाण्यात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथले विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून वळणावळणावर उभे करता येतील. बिब क्रमांकाच्या मागे रक्तगट, चालू औषधे आणि घरचा फोन नंबर नोंदणीच्या वेळीच लिहून घेता येतो.