भूगोल घेतलास? मग पुढे काय?

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत मार्कांप्रमाणे रांग लागते. इंजिनिअरिंग, फार्मसी, बीसीए, कॉमर्स आणि उरलेल्यांना बीए. त्यातही भूगोल म्हणजे जवळच्या कॉलेजात जागा होती म्हणून घेतलेला विषय. मुलीने घेतला तर कुणी हरकतही घेत नाही, कारण तिच्या डिग्रीकडून कुणाला फारशी अपेक्षाच नसते. मी इंजिनिअर आहे, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आणि मला ही रांगच चुकीची वाटते.

नकाशावर चालणारी ॲप्स आमच्यासारखे लोक लिहितात. कोड येतो, पण पृथ्वी गोल आहे हे कोड लिहिताना हमखास विसरलं जातं. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर सुमारे 111 किलोमीटरचा, मुंबईच्या अक्षांशावर 105 चा, श्रीनगरला जेमतेम 92 चा. अंशांनाच अंतर मानून हिशेब केला की सगळं बिघडतं. भूगोलाच्या मुलांनी नकाशा प्रक्षेपण प्रॅक्टिकलच्या वहीत हाताने काढलेलं असतं. त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

पण माझ्या दृष्टीने खरा मुद्दा नोकरीच्या आधीचा आहे. 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार शहराचा प्रारूप विकास आराखडा जाहीर होतो आणि ठरावीक मुदतीत हरकती-सूचना मागवल्या जातात. त्या नकाशावर तुमच्या मोहल्ल्यातून जाणारा रुंद रस्ता असतो, शाळेचं किंवा मैदानाचं आरक्षण असतं. नदीकाठ असेल तर पूररेषाही महत्त्वाच्या: निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. मोहल्ल्यातले किती जण हे वाचू शकतात? बहुतेकदा शेवटच्या दिवशी ‘आमच्यावर अन्याय होतोय’ असा अर्ज जातो, पण त्यात गट नंबर नसतो, रस्त्याची रुंदी नसते, पर्यायी रेषाही नसते. असा अर्ज बाजूला सारणं अधिकाऱ्याला सोपं जातं. भूगोल शिकलेली एक मुलगी चार पानांत, नकाशा जोडून, नेमकी हरकत मांडू शकते. वकील लागेलच, पण त्यालाही हा नकाशा कुणीतरी समजावून द्यावाच लागतो.

आता कडू भाग. नुसत्या बीएवर, गाईड वाचून पास झालात, तर फार काही हाती लागणार नाही. सोबत जीआयएस आणि संख्याशास्त्र हवंच. कॉलेजात लॅब नसेल तर क्यूजीआयएस फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. इस्रोचं भुवन पोर्टल उघडं आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्राने नकाशे आणि स्थानविषयक माहितीवरचे निर्बंध बरेच सैल केले, त्यामुळे भारतीय कंपन्यांना या कामासाठी आधी परवानगी घ्यावी लागत नाही. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना भूगोल यूपीएससीचा वैकल्पिक विषय म्हणूनही घेता येतो, हे बहुतेकांना माहीत असतं.

फर्स्ट इयरला असाल तर सुट्टीत एक काम करा. पावसाळ्यात आपल्या वस्तीत पाणी कुठे साचतं, गटार कुठे तुंबतं, हे मोबाईलच्या जीपीएसने टिपा आणि क्यूजीआयएसमध्ये सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 टोपोशीटवर ठेवून बघा. जुना ओढा कुठून वाहत होता, ते बहुधा तिथेच दिसेल. मग तो नकाशा घेऊन नगरसेवकाकडे जा.