ज्याचे घर, त्याची मर्यादा : गुरुद्वाऱ्याची अदब आणि आपली कसोटी

वाशिम जिल्ह्यातून नांदेडला जाणाऱ्या आपल्या लोकांची संख्या काही कमी नाही. कुणी दवाखान्यासाठी जातो, कुणी पोरांच्या शिक्षणासाठी, कुणी लग्नाच्या खरेदीला. अकोला-पूर्णा लाइनवरची गाडी पकडली की हिंगोली, वसमत करत माणूस नांदेडला उतरतो. पेशंट दवाखान्यात भरती असला की सोबतची माणसे दोन-दोन, चार-चार दिवस तिथेच असतात. अशा वेळी हजूर साहिबच्या लंगरमध्ये जेवलेली माणसे आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात सापडतील. तिथे कुणी जात विचारत नाही, मजहब विचारत नाही. पंगतीत बसा, जेवा, ताट उचला आणि निघा.

पण त्याच गुरुद्वाऱ्यात वागायचे कसे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? परत आल्यावर हमखास हेच प्रश्न येतात. डोके झाकायला टोपी चालते का? माथा टेकावा लागतो का? तिथला कडाह प्रसाद घ्यावा की नाही? प्रश्न साधे आहेत. मात्र आजच्या वातावरणात त्यांची उत्तरे फक्त शिष्टाचारापुरती राहिलेली नाहीत. दुसऱ्याच्या इबादतगाहमध्ये आपण कसे वागतो, यावरच आपल्या मशिदी आणि वक्फबद्दल आपण काय मागू शकतो हे ठरणार आहे. म्हणून हा विषय आम्ही घेतला.

आधी नांदेडचे महत्त्व समजून घेऊ. शिखांचे दहावे गुरू, गुरू गोबिंदसिंह यांचे निधन 1708 मध्ये नांदेडला झाले. आपल्यानंतर कुणी माणूस गुरू होणार नाही, ग्रंथ हाच गुरू, अशी घोषणा त्यांनी इथेच केली. आजची मुख्य इमारत महाराजा रणजितसिंह यांच्या मदतीने 1832 ते 1837 या काळात उभी राहिली, तेव्हा नांदेड निजामाच्या राज्यात होते. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक तख्त आहे.

ग्रंथ हाच गुरू, ही एक गोष्ट डोक्यात बसली की गुरुद्वाऱ्याची सगळी मर्यादा आपोआप समजते. गुरू ग्रंथसाहिब हे शिखांसाठी कपाटात ठेवायचे पुस्तक नाही. जिवंत गुरूसमोर जसे बसावे तसे तिथे बसायचे. म्हणून डोके झाकायचे, जोडे बाहेर काढायचे, हात-पाय धुवायचे. म्हणून ग्रंथाकडे पाय पसरून बसायचे नाही. आपल्या घरात कुरआन शरीफ कसे उंचावर, स्वच्छ कपड्यात ठेवतो, त्याकडे पाय करत नाही, हे आठवा. ज्याला ही अदब घरातूनच मिळाली आहे, त्याला गुरुद्वाऱ्यात वेगळे शिकवायची गरज पडू नये.

आता नेहमीच्या प्रश्नांकडे येऊ. टोपी किंवा रुमाल, काहीही चालते, डोके झाकलेले पाहिजे. बायकांनी ओढणी डोक्यावर घेतली की झाले. हे लंगरमध्येही पाळायचे. बरेच जण दरबारातून बाहेर पडले की रुमाल खिशात घालतात, तसे करू नये. ताटात तेवढेच घ्यावे जेवढे संपेल. लंगरचे जेवण शाकाहारी असते, त्यामुळे हलाल-हरामची शंका घेऊन कुणी उपाशी राहायचे कारण नाही.

आपल्या विदर्भातल्या माणसांनी विशेष लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे तंबाखू. शीख रहत मर्यादेत अमृतधारी शिखाला तंबाखू सक्त मना आहे, तो मोठा गुन्हा समजला जातो. आणि आपल्याकडे काय चालते? खर्ऱ्याची पुडी खिशात असल्याशिवाय माणूस घराबाहेर पडत नाही. तोंडातला खर्रा थुंकून आत गेलो म्हणजे झाले, असे नाही. पुडी, विडी, गुटखा यातले काहीही अंगावर घेऊन आत जाऊ नये. मशिदीत कुणी खिशात दारूची बाटली ठेवून आला तर आपल्याला कसे वाटेल, तेवढाच विचार करायचा.

माथा टेकण्याचे काय? सजदा फक्त अल्लाहला, हा आपला अकीदा आहे आणि त्यात तडजोड नाही. गुरुद्वाऱ्यात पाहुण्याला कुणी जबरदस्तीने माथा टेकायला लावत नाही. डोके झाकून, शांतपणे संगतीत मागच्या बाजूला बसावे. कडाह प्रसादाबद्दल आपल्यात मतभेद आहेत. ज्याला घ्यायचा आहे त्याने दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यावा, घेतल्यावर फेकू नये. ज्याला नको आहे त्याने नम्रपणे हात जोडून पुढे व्हावे. तिथे उभे राहून फतवा सांगत बसू नये. आपला अकीदा सांभाळणे हा आपला हक्क आहे, पण दुसऱ्याच्या घरात त्याचे प्रदर्शन मांडणे म्हणजे बेअदबीच. आणि हो, दरबारात मोबाइल काढून रील बनवणे हेही त्यातच आले. फोटो काढायचा असेल तर आधी सेवादाराला विचारावे.

दीन आपल्याला याबाबत काय सांगतो? सूरह अनआमच्या 108 व्या आयतीत इतरांच्या श्रद्धास्थानांना शिवीगाळ करण्याची मनाई आहे. सूरह हजच्या 40 व्या आयतीत मशिदींच्या बरोबरीने मठ, चर्च आणि यहुद्यांच्या प्रार्थनास्थळांचा उल्लेख येतो, जिथे अल्लाहचे नाव घेतले जाते. हजरत उमर (रजि.) यांची जेरुसलेमची रिवायत तर मशहूर आहे. तिथल्या मोठ्या चर्चमध्ये असताना नमाजची वेळ झाली. आतच नमाज पढा, असे धर्मगुरूंनी सुचवले. हजरत उमर यांनी नकार दिला आणि बाहेर जाऊन नमाज अदा केली. कारण काय, तर खलिफाने इथे नमाज पढली म्हणून पुढे मुसलमान या जागेवर दावा सांगतील. यजमानाने परवानगी दिली होती, तरी पाहुण्याने आपली हद्द ओळखली.

आपल्या काळातही असा प्रसंग आला. 2021 मध्ये हरियाणातील गुरुग्राम इथे मोकळ्या जागेत होणाऱ्या जुम्याच्या नमाजला विरोध सुरू झाला. तेव्हा तिथल्या गुरुद्वारा सिंह सभेने आपल्या गुरुद्वाऱ्यांची जागा नमाजसाठी देऊ केली. देशभर त्याचे कौतुक झाले. पण विरोधाचे सूरही उमटले, खुद्द काही शीख मंडळींनीही मर्यादेचा प्रश्न काढला. 19 नोव्हेंबर 2021 ला शुक्रवार होता आणि त्याच दिवशी गुरू नानक जयंतीही होती. त्या दिवशी मुस्लिमांनी गुरुद्वाऱ्यात नमाज न पढण्याचे ठरवले. गुरुपर्वाच्या दिवशी आपल्यामुळे यजमान अडचणीत येऊ नये, हा त्यामागचा विचार. आमच्या मते शिखांची ती दिलदारी आणि मुस्लिमांची ती माघार, दोन्हींची किंमत सारखीच आहे.

अदबीचा आणखी एक भाग आहे आणि तो जरा जड जातो. तो म्हणजे इतिहास. नोव्हेंबर 2025 मध्ये गुरू तेगबहादूर यांच्या शहादतीला 350 वर्षे झाली. 1675 मध्ये औरंगजेबाच्या राजवटीत दिल्लीला त्यांचा शिरच्छेद झाला. या विषयावर बोलायची वेळ आली की आपल्यातले काही जण गप्प बसतात, काही जण राजकीय कारणे सांगून बाजू मांडत बसतात. आम्हाला दोन्ही बरोबर वाटत नाही. एका धर्मगुरूची हत्या झाली, ती नाइन्साफी होती, हे सरळ म्हणायला काय हरकत आहे? बादशहाचे कृत्य हे काही आपल्या ईमानाचा भाग नाही. उलट सरहिंदला गुरू गोबिंदसिंहांच्या दोन लहान मुलांना भिंतीत चिणण्याची सजा झाली, तेव्हा मलेरकोटल्याचे नवाब शेर मोहंमद खान यांनी त्याला विरोध केला होता. शीख समाज ती गोष्ट आजही विसरलेला नाही. जुलमाच्या बाजूने उभे राहायचे की विरोधात, हा प्रश्न त्या काळच्या मुसलमानांपुढेही होता.

वाशिमकरांना तर ही आठवण दूरची नाही. गुरू तेगबहादूर यांच्या धडावर अंत्यसंस्कार करण्यासाठी ज्याने स्वतःचे घर पेटवून दिले, तो लखीशाह वणजारा बंजारा समाजाचा मानला जातो. दिल्लीतला गुरुद्वारा रकाबगंज साहिब त्याच जागी आहे. आणि बंजारा समाजाची काशी समजली जाणारी पोहरादेवी आपल्याच जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात आहे. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीशी नाव जोडलेल्या संत नामदेवांची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्याच ग्रंथात बाबा फरीद यांची वाणीही आहे. म्हणजे ज्या ग्रंथासमोर आपण डोके झाकून बसतो, त्यात आपल्या शेजारच्या गावाचा संतही आहे आणि आपला सूफी बुजुर्गही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. ज्याचे घर, त्याची मर्यादा, हा नियम फक्त पाहुण्याला लागू आहे की सरकारलाही?

हजूर साहिबचा कारभार 1956 च्या कायद्याने चालतो. तेव्हाच्या हैदराबाद राज्याच्या विधिमंडळाने तो केला होता. 2015 मध्ये त्यात दुरुस्ती होऊन बोर्डाचा अध्यक्ष नेमण्याचा अधिकार राज्य सरकारने आपल्याकडे घेतला. शीख समाजाची त्यावर तेव्हापासून नाराजी आहे. ऑगस्ट 2023 मध्ये प्रशासक म्हणून नांदेडच्या जिल्हाधिकाऱ्यांची नेमणूक झाली. शीख नसलेला अधिकारी तख्ताचा कारभार कसा पाहणार, असा आक्षेप शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने घेतला, आणि नंतर एका निवृत्त शीख सनदी अधिकाऱ्याला प्रशासक नेमण्यात आले. पुढे फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नव्या विधेयकाला मंजुरी दिली. त्यात 17 पैकी 12 सदस्य सरकार नेमणार होते. नांदेडात शीख बांधव रस्त्यावर उतरले, पंजाबातूनही विरोध झाला आणि सरकारला पाऊल मागे घ्यावे लागले.

वक्फच्या बाबतीत मात्र असे झाले नाही. वक्फ दुरुस्ती कायदा एप्रिल 2025 मध्ये लागू झाला. वक्फ बोर्डांवर आणि केंद्रीय वक्फ परिषदेवर बिगरमुस्लिम सदस्य घेण्याची तरतूद त्यात आहे. 15 सप्टेंबर 2025 च्या अंतरिम आदेशात सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा घातली : केंद्रीय परिषदेत 22 पैकी चारपेक्षा जास्त आणि राज्य बोर्डात 11 पैकी तीनपेक्षा जास्त बिगरमुस्लिम नकोत. पण तरतूद कायम राहिली. सरकार म्हणते की वक्फ बोर्डाचे काम मालमत्तेच्या कारभाराचे आहे, इबादतीचे नाही. मग नांदेडच्या प्रशासकाचे कामही कारभाराचेच होते ना? तिथे शिखांचा आक्षेप रास्त ठरला, आणि तो रास्तच होता. तोच आक्षेप आपण घेतला की तो आडमुठेपणा कसा होतो?

आमचे म्हणणे एवढेच आहे की मोजमाप एक असावे. पण हे मोजमाप आधी आपण स्वतःला लावले पाहिजे. फेब्रुवारी 2024 मध्ये नांदेडचे शीख रस्त्यावर होते, तेव्हा वाशिम, हिंगोली, परभणीतल्या आपल्या किती जमातींनी त्यांच्या बाजूने साधे निवेदन दिले? वक्फचा प्रश्न आल्यावर शिखांनी बोलावे अशी अपेक्षा आपण ठेवतो. त्यांच्या तख्ताचा प्रश्न आला तेव्हा आपल्याला तो दुसऱ्याचा वाटला.

सुरुवात छोट्या गोष्टींपासून होऊ शकते. जुम्याच्या बयानात दहा मिनिटे शेजाऱ्यांच्या इबादतगाहच्या अदबीवर बोलता येईल. नांदेडला दवाखान्यासाठी जाणाऱ्यांना मोहल्ला कमिटीने टोपी-रुमालापासून खर्ऱ्यापर्यंत चार गोष्टी सांगता येतील. वाशिम स्टेशनवरून हजूर साहिबला जाणारे यात्रेकरू गाडीत बसलेले दिसतात. उन्हाळ्यात त्यांना थंड पाणी देणे हे काही अवघड काम नाही. ज्यांच्या लंगरमध्ये आपण जेवलो, त्यांना पाणी पाजणे हे आपल्यावरचे कर्जच आहे. आणि पुढच्या वेळी त्यांच्या तख्तावर कायद्याची कुऱ्हाड आली, तर पहिले निवेदन वाशिमच्या मशिदीतून जावे. तेव्हा आपल्या वक्फसाठी बोलताना आपलाही आवाज दमदार लागेल.