बळीराजा गुगलवर सापडत नाही

परवा आमच्या पोर्टलच्या पोरांना एसईओचं ट्रेनिंग झालं. शहरातून ट्रेनर आला होता. बातमी किमान आठशे शब्दांची करा, शीर्षकातला शब्द मजकुरात दहादा आणा, जुन्या बातमीची तारीख बदलून पुन्हा टाका. पोरांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. मी मागं बसून चहा पीत होतो, शेवटी राहवलं नाही.

मंडळी, एसईओ शिकवायलाच पाहिजे. आम्ही वर्षानुवर्षं 'अवकाळीने बळीराजाच्या तोंडचा घास हिरावला' असली शीर्षकं दिली आणि स्वतःवरच खूश राहिलो. (डिप्लोमाला तेच शिकवलं होतं!) पण शेतकरी गुगलवर 'बळीराजा' शोधत नाही. तो 'पीक विमा कधी जमा होणार', 'आजचा सोयाबीन भाव' असं शोधतो, तेही बऱ्याचदा इंग्रजी अक्षरांत नाहीतर फोनपुढं बोलून. शीर्षकात पिकाचं, तालुक्याचं नाव नसेल तर त्याला आपली बातमी सापडणार कशी? एवढं जरी शिकवलं तरी निम्मं काम झालं.

पण तारीख बदलायची शिकवण मला झोंबली. कारण सांगतो.

२०२३ च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीक विमा आला. २०२५ च्या खरिपापासून तो बंद झाला. आता खरिपाला विमा रकमेच्या दोन टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकांना पाच टक्क्यांपर्यंत हप्ता भरावा लागतो. आधी शेतात पाणी घुसलं की ७२ तासांत कळवायचं आणि भरपाई मागायची. २०२५ च्या खरिपात ती सोयही राज्याने काढली, भरपाई पीक कापणी प्रयोगावर ठेवली.

त्या सप्टेंबरच्या अतिवृष्टीत आमच्याकडचे एक काका फोन घेऊन दारात आले. "हे बघ, ७२ तास लिवलंय, आजचीच बातमी हाय." तारीख खरंच त्याच दिवसाची. मजकूर मात्र जुना, एक रुपयाच्या विम्याचा. सोयाबीन पाण्यात, आणि हा माणूस दोन दिवस फोटो काढत, नंबर फिरवत बसलेला. आता त्यांना मी काय सांगायचं होतं?

गंमत म्हणजे खुद्द गुगलच्याच मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय की आम्हाला ठरावीक शब्दसंख्या लागत नाही, आणि मजकूर न बदलता नुसती तारीख बदलताय का, हे स्वतःला विचारा. ट्रेनिंगमध्ये हे पान कुणी उघडलंच नाही.

ट्रेनर गेल्यावर पोरांना म्हटलं, आपल्या पोर्टलवरच्या पीक विम्याच्या सगळ्या जुन्या बातम्या काढा आणि प्रत्येकीवर पहिल्याच ओळीत लिहा, 'हा नियम २०२५ च्या खरिपापासून बदलला आहे.'

अकरा निघाल्या. त्यातल्या चार माझ्याच नावावर होत्या.