फर्डिनांडला कुणी मारलं?



परवा सूर्यास्ताआधीची जेवणं आटोपल्यावर धाकट्या दिरांनी मोबाइलवर घोड्यांची शर्यत लावली. "वहिनी, काय लाड असतात बघा या घोड्यांचे!" मी त्यांना फर्डिनांडची हकिकत सांगितली. ऐकून म्हणाले, "जपानी लोकच तसले." तो वाद तिथे अर्धाच राहिला. उरलेला इथे मांडते.

फर्डिनांड हा अमेरिकेतला थरोब्रेड घोडा, जन्म 1983 चा. 1986 ची केंटकी डर्बी त्यानं जिंकली तेव्हा त्याचा भाव एकास सतरा होता, म्हणजे फारशी कुणाची आशाच नव्हती. जॉकी बिल शूमेकर 54 वर्षांचे, प्रशिक्षक चार्ली व्हिटिंगहॅम 73 चे. पुढच्या वर्षी ब्रीडर्स कप क्लासिकमध्ये अलिशेबाला त्यानं नाकभर अंतरानं हरवलं आणि तो वर्षातला सर्वोत्तम घोडा ठरला. 29 शर्यतींत 8 विजय, बक्षिसं 37 लाख डॉलरहून जास्त. त्यातलं त्याच्या म्हातारपणासाठी काय बाजूला ठेवलं होतं? निवृत्तीनंतर केंटकीत पैदाशीसाठी ठेवला, पण शिंगरं नाव काढीनात. 1994 मध्ये तो जपानला विकला. तिथेही मागणी घटली, तेव्हा तो एका घोडेव्यापाऱ्याच्या हाती गेला. 2003 मध्ये एका पत्रकार बाईंनी चौकशी केली. आधी उत्तर मिळालं, मित्राला दिला. मग, रायडिंग क्लबात आहे. शेवटी कबुली आली की 2002 मध्येच त्याची 'विल्हेवाट' लावली. म्हणजे कत्तल.

अमेरिकेत संताप उसळला, तो सगळा जपानवर. त्याच वेळी टेक्सासमध्ये घोड्यांचे कत्तलखाने राजरोस चालू होते, 2007 पर्यंत. तिथलं मांस परदेशी जात होतं. त्यातले किती घोडे एके काळी शर्यतीत धावले असतील, त्यांच्यासाठी कोण रडलं?

आपल्याकडे पाप मोजताना कृत, कारित आणि अनुमोदित अशी तीन खाती असतात. सुरी चालवणारा एक. पण ज्यांनी ज्यांनी विकला, त्या प्रत्येकाला पैसे मिळाले आणि पावती फाडली की जबाबदारी संपली असं वाटलं. टाळ्या वाजवणारे, पैसे लावणारे तिसऱ्या खात्यात. भावजी, मोबाइलवर पाहणारेसुद्धा! ओझं जास्त लादणं हा अहिंसाणुव्रताचा अतिचार, हे आपण पाठशाळेत घोकलं. इथे तर घोड्यानं सगळ्यांचं ओझं वाहिलं आणि शेवटी तोच ओझं झाला.

"मग म्हातारा घोडा जन्मभर पोसायचा कुणी?" हा दिरांचा प्रश्न. ज्यांनी कमावलं त्यांनी! पांजरपोळाची कल्पना काही आपलीच मक्तेदारी नाही. फर्डिनांडनंतर न्यूयॉर्कच्या काही मालकांनी निवृत्त घोड्यांसाठी त्याच्या नावानं दर शर्यतीमागे ऐच्छिक वर्गणी सुरू केली. केंटकीतल्या 'ओल्ड फ्रेंड्स' या आश्रयस्थानात म्हातारे घोडे सुखानं चरतात. 1997 ची डर्बी जिंकलेला सिल्व्हर चार्म 2014 मध्ये जपानहून परत आला, तो तिथेच. पण वर्गणी ऐच्छिक का? चाऱ्याचा आणि वैद्याचा पैसा बक्षिसातूनच आधी कापून घ्या, मग चषक उंचवा. ते परवडत नसेल तर शर्यत परवडत नाही. शिंगरू जन्माला घालताच कशाला?

हे मी जोरात बोलत होते तेव्हा सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आपली चंद्री कुठं गेली गं?"

चंद्री आमची म्हैस. अकरा वर्षं तिचं दूध घरात आलं. आटली तेव्हा व्यापारी टेंपो घेऊन आला. पैसे मोजून मीच घेतले होते. कुठे नेतोस, हे मी त्याला विचारलं नव्हतं.