दुर्बीण पित्ताशयाला चालते, यकृताला का नाही?

रक्ततपासण्या एवढ्या पुढे गेल्या, सोनोग्राफी गल्लोगल्ली आहे. मग ऑटोइम्यून हिपॅटायटिसच्या निदानासाठी पोटात दुर्बीण घालून यकृताचा तुकडा घ्यायचा म्हणजे बिल फुगवायचा धंदा, असं म्हणणारे सोलापुरात पुष्कळ भेटतात.

आधी रक्ताचं बघू. या आजारात प्रतिकारशक्ती आपल्याच यकृतावर उलटते, आणि भोगणारी बहुतेक वेळा बाई असते. धाराशिव किंवा विजयपूरकडून ती सोलापूरला पोचेपर्यंत काविळीची माळ घालून झालेली असते, झाडपाला पिऊन झालेला असतो. रक्तातला एएनए हा प्रतिपिंड पॉझिटिव्ह आला की झालं निदान? तो धडधाकट माणसांतही पॉझिटिव्ह येतो आणि खऱ्या रोग्यात कधीकधी येतच नाही. २००८ची सोपी गुणपद्धत पाहा : प्रतिपिंडांना २, रक्तातल्या आयजीजी या प्रथिनाला २, विषाणू नसल्याचे २, यकृताच्या तुकड्याच्या तपासणीचे (बायोप्सी) २. पक्कं निदान ७ गुणांना. तुकडा न तपासता कितीही ओढाताण करा, ६च होतात, म्हणजे ‘बहुधा’. या ‘बहुधा’वर वर्षानुवर्षं स्टिरॉइड गिळायचं? त्यात काढ्यांचाही घोळ असतो : २०२०मध्ये मुंबईत गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांत यकृताची सूज आढळली. काहींत ती ऑटोइम्यूनसारखीच होती. आयुष मंत्रालयाने गुळवेलीवरचा ठपका फेटाळला. पण काढ्याची चौकशी न करता निदान लिहू नये, एवढं तरी त्यातून घ्यावं.

‘तुकडा सुईनेही मिळतो’ हा आक्षेप मात्र वजनदार आहे. बहुतेकांना बरगड्यांमधून घातलेली सुई पुरतेच. पण ती आणते यकृताचा जेमतेम पन्नास हजारावा भाग. आजार जुना झाला की यकृतावर मोठमोठ्या गाठी उठू शकतात. सुई नेमकी गाठीत शिरली, तर सिरोसिस असूनही रिपोर्टात येत नाही. दुर्बिणीतून पृष्ठभाग समोर दिसतो : इथे खड्डा, तिथे गाठ, मध्येच लालसर चट्टा. जागा निवडून तुकडा घेता येतो, रक्त आलंच तर तिथल्या तिथे डागून थांबवता येतं. रक्त गोठत नसेल तर मानेच्या शिरेतून तुकडा घेणं बरं, हेही खरं. पण त्याला कॅथलॅब आणि सरावाचा हात लागतो. दुर्बीण तालुक्यापर्यंत पोचली आहे.

आणि हे नवं फॅडही नाही. सर्जन डॉ. तेहेमटन उडवाडियांनी १९७२मध्ये मुंबईच्या जे. जे.त दुर्बिणीने निदान सुरू केलं. त्याच दुर्बिणीने त्यांनी पित्ताशय काढलं ते १९९०मध्ये. म्हणजे निदानाचं काम आधीचं. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांत बायकांच्या पोटात हीच दुर्बीण बिनदिक्कत गेली, तेव्हा कुणी भोकं मोजली नाहीत!

दुर्बिणीच्या भक्तांनीही ऐकावं. यकृताच्या पाठीवर आजाराचं नाव लिहिलेलं नसतं. ते तुकडा बघून पॅथॉलॉजिस्ट सांगतो. भूल न झेपणाऱ्या रोग्याला टेबलावर घेऊच नये, आणि जीवावर बेतलेल्या काविळीत उपचार तुकड्यासाठी अडवू नयेत.

एरवी स्टिरॉइडची चिठ्ठी हातात पडली की डॉक्टरांना सरळ विचारा : तुकडा तपासला का, नसेल तर का नाही? उत्तर पटलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. सुरू झालेलं स्टिरॉइड मात्र आपल्या मनाने बंद करू नका.